पोराचा पहिला बेस गिटार: आधी हात मोजा, मग पैसे काढा

१४ एप्रिल उलटला की पुढच्या आठ-दहा दिवसांत एखादा बाप पोराला घेऊन माझ्या घरी येतोच. पोरगं रात्रभर भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रासमोर उभं असतं. गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं सोडून त्याची नजर कोपऱ्यातल्या माणसावर खिळलेली असते. त्या माणसाच्या गळ्यात लांब मानेची, जाड चार तारांची गिटार, म्हणजे बेस, असते आणि त्याचं बोट पडलं की समोरच्याची छाती हलते. मग बाप सांगतो, "सर, पोट्टं आयकतच नाही. ढबढब वाजते तेच गिटार पाह्यजे म्हन्ते. किती लागतीन?"

मी आधी आकडा सांगत नाही. पोराला जवळ बसवतो आणि डावा हात पुढे करायला लावतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतल्या पोरापोरींना मी पंधरा वर्षांपासून बेस शिकवतो आहे. या काळात कित्येकांनी बेस सोडला. त्यातली बरीचशी कंटाळून सुटली नाहीत, दुखून सुटली. वाद्य हातापेक्षा मोठं होतं, किंवा तारा फळीपासून इतक्या उंच होत्या की दाबता दाबता बोटं सोलून निघायची. घरचे समजले, पोराची हौस फिटली. म्हणून पहिला बेस घेताना रंग, आकार, कंपनी हे सगळं मागाहून पाहा. पोराच्या हातात बसणारा आणि तारांची उंची नीट लावलेला बेस हवा. तो दहा हजारांचा असला तरी पोरगं शिकतं. पंचवीस हजारांचा घेतला आणि या दोन गोष्टी चुकल्या, तर तो सहा महिन्यांत आलमारीवर जातो.

महिनाभर थांबा, साधी गिटार मागून आणा

बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी या सुरांत लावतात. साध्या सहा तारांच्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचे सूर हेच असतात, फक्त एक सप्तक वर. गावात कोणाकडे, मामाच्या घरी, शाळेच्या कपाटात एखादी गिटार पडलेली असेल तर महिनाभर मागून आणा आणि पोराला त्या चार तारांवर शिकू द्या. सूर कुठे आहेत ते कळतं, बोटांची कातडी थोडी घट्ट होते, आणि मुख्य म्हणजे रोज हातात घेतो की नाही हे घरातल्यांना दिसतं. इथे शिकलेलं एकही बोट वाया जात नाही. जशाला तसं बेसवर उतरतं.

"अकौस्टिक बेस घेतला तर अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वाचेल" असं सांगणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. त्याचं पोट मोठं असतं, लहान पोराचा उजवा हात त्यावरून खाली उतरत नाही, आणि एवढं असूनही शेजारी ढोलकी सुरू झाली की त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

हात मोजायची पट्टी

हे काम घरी करायचं, दुकानात जायच्या आधी. सुताराकडून चार सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब लाकडी पट्टी आणा. बेसची मान वरच्या टोकाला साधारण एवढीच रुंद असते. पट्टीच्या एका टोकाकडून मोजून ४.८ सेंमीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा, दुसरी १७.८ सेंमीवर. ३४ इंची, म्हणजे पूर्ण मापाच्या बेसवर पहिला आणि चौथा पडदा नेमके इथे येतात. या पडद्यालाच, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, फ्रेट म्हणतात. आणि ३४ इंची हे माप तारेच्या वाजणाऱ्या भागाचं, अख्ख्या बेसच्या लांबीचं नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला हेच मोजमाप ३० इंची बेसचं करा: ४.३ आणि १५.७ सेंमी.

आता पोराला खुर्चीवर ताठ बसवा. पट्टी डाव्या हातात, अंगठा मागे मधोमध, पहिलं बोट पहिल्या रेघेवर, करंगळी दुसऱ्या रेघेवर. मनगट वाकडं होता कामा नये आणि खांदा वर चढता कामा नये. पहिल्या बाजूचं अंतर १३ सेंमी आहे, मागच्या बाजूचं साडेअकराच्या आत. कागदावर हा फरक दीड सेंटिमीटरचा वाटतो. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात मात्र करंगळी पोचते की लटकते, हे त्या दीड सेंटिमीटरवर ठरतं. १३ सेंमी ताणून-ताणूनही जमत नसेल तर छोट्या मापाचा बेस घ्या. थोडंसंच कमी पडत असेल तर पूर्ण मापाचा घेतला तरी चालतं, कारण सुरुवातीला पोरांना मी चारही बोटं चार फ्रेटांवर ठेवायला लावतच नाही. उभ्या डबल बेसवर वाजवतात तशी पहिलं, दुसरं आणि चौथं बोट मिळून तीन फ्रेट धरायला शिकवतो. त्यात हात ९ सेंमीच उघडावा लागतो.

छोटं माप म्हणजे खेळणं असं कोणी हिणवलं तर मनावर घेऊ नका. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा होफ्नर बेस ३० इंचीच आहे.

वयाचं म्हणाल तर मी वय विचारत नाही. दहा वर्षांचं उंच पोरगं ३४ इंची पेलतं, चौदा वर्षांच्या चणीने लहान पोराला तोच जड जातो. पूर्ण मापाच्या बेसची लांबी साधारण ११५ सेंमी आणि वजन साडेतीन ते चार किलोंच्या आसपास असतं. ते वजन एका खांद्यावर येतं, म्हणून पट्टा किमान तीन इंच रुंद घ्या. बारीक नायलॉनचा पट्टा अर्ध्या तासात खांद्यात रुततो.

काय घ्यायचं, काय नाही

चार तारांचा घ्या. पाच तारांच्या बेसची मान रुंद असते आणि पाचव्या खालच्या तारेची गरज पोराला दोन-तीन वर्षं पडत नाही. फ्रेट नसलेला गुळगुळीत मानेचा बेस तर मुळीच नको, सूर कुठे लावायचा ते समजायला आधी कान तयार व्हावा लागतो. बॅटरीवर चालणारा 'अ‍ॅक्टिव्ह' बेसही पहिला म्हणून घेऊ नका. त्यात ९ व्होल्टचा सेल असतो, पोरगं केबल जॅकमध्ये तशीच ठेवून झोपतं, आणि असं रोज झालं की सेल लवकर उतरतो.

पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची डबी, जी तारेची थरथर विजेत बदलते. बाजारातले बहुतेक बेस अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांच्या दोन जुन्या नमुन्यांवरून उतरलेले आहेत: १९५१ चा प्रिसिजन आणि १९६० चा जॅझ. प्रिसिजनच्या चालीचा पिकअप दोन तुकड्यांत असतो, त्याला घरघर कमी येते, आवाज भरीव येतो. जॅझच्या चालीची मान वरच्या टोकाला अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटरची असते. बारीक हातांना ती बरी पडते. दोन्ही पिकअप एकत्र असलेला बेस मिळाला तर उत्तम.

नवा घ्यायचा असेल तर नावं सांगतो. पूर्ण मापात यामाहा टीआरबीएक्स १७४, इबानेझ जीएसआर १८० आणि कॉर्टची अ‍ॅक्शन मालिका. लहान हातासाठी स्क्वायरचा ३० इंची ब्रॉन्को, आणि त्याहून लहान २८.६ इंची इबानेझ मायक्रो जीएसआरएम २०. यातले बरेच पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात फिरतात, किंमत दुकानागणिक आणि सणागणिक हलते. त्याखाली व्हॉल्टसारखी भारतातच विकली जाणारी स्वस्त नावं आहेत. ती वाईट नाहीत, पण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची खात्री कमी, म्हणून तिथे खाली दिलेली तपासणी जास्त कसून करा. पाच-सहा हजारांत "बेस, अ‍ॅम्प्लिफायर, पट्टा सगळं" देणाऱ्या अनोळखी नावांपासून लांब राहा. खुंट्या फिरतात, मान वाकते, आणि ते दुरुस्त करण्यात मूळ किमतीएवढे पैसे जातात.

एक सूचना छोट्या मापाचा बेस घेणाऱ्यांसाठी. त्याला तारा छोट्या मापाच्याच लागतात आणि त्या तालुक्याला मिळत नाहीत. बेस घेताना तारांचा एक सेट सोबत घेऊन ठेवा.

पैशाचा हिशेब

तुमच्याकडे वीस हजार असतील तर वीस हजारांचा बेस घेऊ नका. बारा-तेरा हजार बेसवर घाला. तीन-चार हजार आवाजासाठी ठेवा, दीड-दोन हजार पट्टा, पिशवी, केबल आणि सूर जुळवायच्या ट्यूनरला. उरलेले तारांना आणि सेटअपला, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट लावून घ्यायला. बेसच्या तारांचा बरा सेट दीड-दोन हजारांपासून पुढे पडतो, हे बऱ्याच जणांना घेतल्यानंतर कळतं.

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकलं की किंवा संक्रांतीच्या सुमारास कापसाचे पैसे हाती आले की घ्या. हप्त्यावर किंवा उसने पैसे काढून घेऊ नका, असं मी प्रत्येक बापाला हात जोडून सांगतो. कर्जाचं वाद्य घरात आलं की रोज संध्याकाळी "इतक्या पैशाचं आणलं, वाजवत काहून नाही?" हे सुरू होतं. पोरगं मग वाद्याला घाबरतं. त्यापेक्षा एक हंगाम थांबा, आणलेल्या गिटारवर आणखी चार महिने निघतात.

सेकंडहँड घ्यायला मी नेहमी सांगतो. नागपूर, अमरावतीत इंजिनिअरिंगची पोरं शेवटचं वर्ष संपलं की मे-जूनमध्ये सामान विकून गावाला जातात. चर्चमधल्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे असतात, त्यांच्याकडे जुना पडलेला असतो. झाडीपट्टीकडचे लोक वडसा-देसाईगंजला विचारू शकतात, नाटकांच्या साथीला बसणाऱ्या वादकांना कोणाचं काय विकायला आहे ते ठाऊक असतं. नव्याच्या अर्ध्या-पाऊण किमतीत चांगला बेस मिळतो. जुन्या बेसचं लाकूड दोन-चार उन्हाळे पाहून बसलेलं असतं, मान वाकायची असती तर एव्हाना वाकली असती. मूळ बिल मागा. नसेल तर कोणाकडून, केव्हा घेतला ते विचारा, आणि उत्तर अडखळत आलं तर निघून या.

दुकानात करायची तपासणी

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश वाचा. सोबत तीन वस्तू न्या: हेडफोन, मोबाइलमध्ये फुकट मिळणारं ट्यूनरचं अ‍ॅप, आणि कंपासपेटीतली स्टीलची पट्टी. पट्टी अशी पाहा की जिचा शून्य अगदी काठावर आहे. प्लास्टिकच्या बऱ्याच पट्ट्यांत काठ आणि शून्य यांत चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा असते, तिने आपलं मोजमाप चुकतं.

आधी दुकानदाराला बेस ट्यून करून द्यायला सांगा. बेसुऱ्या, ढिल्या तारांवर केलेली कुठलीही तपासणी खोटी असते, कारण तारांचा ताण बदलला की मानही हलते.

मग बेस आडवा उचलून, बंदूक धरतात तसा एका टोकाकडून मानेवर नजर टाका. मान पिळलेली दिसली, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली, तर तो बेस तिथेच ठेवून द्या. पिळलेली मान साध्या सेटअपने सरळ होत नाही. थोडी पुढे झुकलेली मान मात्र चालते, किंबहुना हवीच. ती किती झुकली आहे हे असं पाहा: जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट उरते ते कोणाला तरी पाहायला सांगा. एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट बरोबर. दोन-तीन कार्डं सरकली तर मान जास्त झुकली आहे. फट नाहीच, तर मान मागे वाकली आहे आणि तारा खडखडणार.

आता हात सोडा आणि बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. जाड तारेचा खालचा काठ फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे ते मोजा. दोन ते अडीच मिलिमीटर हवं. साडेतीनच्या पुढे असेल तर दुकानदाराला तिथल्या तिथे कमी करून द्यायला सांगा. पुलावर, म्हणजे ब्रिजवर, प्रत्येक तारेखाली बारीक स्क्रू असतात, दहा मिनिटांचं काम आहे. करून देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा चमकदार लाल नवा बेस घेऊन आला होता. शिकवणी सुरू होऊन महिना झाला आणि त्याने येणं बंद केलं. मी घरी गेलो. बाप म्हणाला, "आळशी झालं पोट्टं." मी पोराची बोटं पाहिली. पहिल्या दोन बोटांच्या शेंड्यांवर पाण्याचे फोड फुटून वाळलेले. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली तर साडेचार मिलिमीटर. मी पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं, तेव्हापासून पहिल्या दिवशी पट्टी काढल्याशिवाय मी धडा सुरू करत नाही. अ‍ॅलन की ने, म्हणजे सहा कडांच्या वाकड्या चावीने, मान थोडी सरळ केली, ब्रिजचे स्क्रू उतरवले, अडीचवर आणलं. पोराने तार दाबली आणि माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली. त्या संध्याकाळी त्याने जेवायला बोलावलं तरी बेस खाली ठेवला नाही.

पुढची तपासणी कानाची. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. साधारण ऐंशी-नव्वद सूर होतात, पाच मिनिटं लागतात, दुकानदाराने कितीही घाई केली तरी ही पाच मिनिटं सोडू नका. कुठे झणझण येते, कुठे सूर लगेच मरतो ते ऐका. बारीक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास सूर थोडा लवकर विझणं हे बऱ्याच चांगल्या बेसमध्येही असतं, त्याने दचकू नका. एकाच फ्रेटवर सगळ्या तारा झणझणत असतील तर मात्र पुढचा फ्रेट उठलेला आहे.

मानेच्या कडेवरून तळहात वर-खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. थोडी टोचत असतील तर बारीक कानसीने घासून निघतात, हात ओरखडत असेल तर नको.

शेवटी अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. प्रत्येक बटण पूर्ण फिरवा, खरखर येते का पाहा. केबल जॅकमध्ये हलकी हलवा, आवाज तुटतो का पाहा. या दोन्ही गोष्टी स्वस्तात दुरुस्त होतात, पण भाव कमी करायला कामी येतात. आणि पोराच्या गळ्यात पट्ट्याने बेस अडकवून दोन्ही हात सोडायला लावा. मान जमिनीकडे घसरत असेल तर त्या पोराचा डावा हात वाजवायचं सोडून मान सावरण्यातच जाईल.

ऑनलाइन मागवत असाल तर हीच तपासणी घरी, आणि परत पाठवायची मुदत संपायच्या आत. पुष्कळ गावांत पार्सल तालुक्यालाच येऊन थांबतं, तेव्हा मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात ते आधी विचारून ठेवा. डबा उघडताना मोबाइलवर शूटिंग करा.

आवाज आणि वीज

इलेक्ट्रिक बेस नुसता वाजवला तर फक्त खोलीत ऐकू येतो. सुरुवातीचे पंधरा दिवस तेवढं पुरतं. पुढे हेडफोन अ‍ॅम्प घ्या. वॉक्सचा अ‍ॅम्प्लग नावाचा काडीपेटीपेक्षा जरासा मोठा तुकडा बेससाठी वेगळा मिळतो. थेट जॅकमध्ये बसतो, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. लोडशेडिंगमध्ये वाजतो, घरातल्यांची झोप मोडत नाही. घेताना 'बेस'चाच आहे ना ते पाहा, साध्या गिटारचाही तसाच दिसतो. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकायचा प्रयत्न करू नका. बेसची जाड ई तार सेकंदाला ४१ वेळा हलते, एवढा खालचा सूर त्या स्पीकरमधून निघतच नाही. पोरगं मग सूर ऐकू यावा म्हणून बोटं आपटायला लागतं आणि हात बिघडतो.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच तर बेसचाच घ्या, घरासाठी पंधरा-वीस वॅट पुरे. साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अगदी हळू आवाजात चालून जातं, वाढवलं की स्पीकरचा कागद फाटू शकतो. भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माइकच्या तोंडात बेस थेट खुपसला तर आवाज दबलेला येतो. मध्ये डीआय बॉक्स नावाची डबी लावावी लागते, ती मंडपवाल्याकडे बहुधा असते.

आता विजेचं. बेसच्या तारा केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे पत्र्यात करंट उतरला तर तो तारांत उतरला, आणि तारा पोराच्या दोन्ही हातांत आहेत. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नसतं, तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेली असते. अशा बोर्डावर अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, तोवर सेलवरच्या हेडफोन अ‍ॅम्पवर भागवा. मंडपात, जनरेटरवर वाजवायची वेळ आली तर अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर आधी टेस्टर तारांना लावून पाहा. मिणमिणता जरी पेटला तरी बेसला हात लावायचा नाही. तारांवर हात असताना ओठ माइकला लागणं हे सगळ्यात धोक्याचं, कारण करंट छातीतून जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत टेस्टर असतो की नाही ते स्वतः पाहतो.

उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि जूनच्या शेवटी हवा ओली होते. दीड महिन्यात एवढा बदल लाकडाने सोसायचा असतो, म्हणून मान हलणारच. वर्षातून दोनदा, पाऊस बसल्यावर आणि होळीनंतर, वर सांगितलेली कार्डाची आणि पट्टीची तपासणी करा.

मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. अ‍ॅलन की ने ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की मान सरळ होते, उलट फिरवली की पुढे झुकते. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग ट्यून करा, दिवसभर ठेवा, पुन्हा मोजा. अडलं तर जोर लावू नका, माहितगाराकडे न्या. सेटअपचे ५०० ते १,५०० रुपये घेतात.

टिनाच्या छताखाली आलमारीवर बेस ठेवू नका, तिथे दुपारी भट्टी होते. बंद गाडीतही नको. आणि कूलरसमोर तर नकोच. रात्रभर ओली हवा, दिवसभर कोरडी, असं रोज झालं की तारांना पंधरा दिवसांत गंज चढतो. मातीच्या भिंतीची आतली खोली सगळ्यात चांगली. पिशवीत घालून भिंतीला टेकवून, मान वर करून ठेवा. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मळून मंद झालेल्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळल्या आणि पूर्ण वाळवून बसवल्या तर आणखी काही आठवडे निघतात. हे काम मोठ्यांनी करायचं.

पेटीवर सूर लावायचा आणि सुरू करायचं

घरात पेटी असेल तर मोबाइलचीही गरज नाही. जाड तारेपासून क्रमाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. बेसचा सूर पेटीच्या खूप खाली असतो, म्हणून कानाला जुळवता येत नाही. त्यावर उपाय असा: बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा एक सप्तक वरचा सूर येतो, तो पेटीशी जुळवा. जुन्या पेट्या मोबाइलच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळत नाहीत. भजनाला बसायचं असेल तर पेटी प्रमाण.

आपल्याकडे तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव खंजिरीवर म्हटली जातात, पोरांच्या कानात ती आधीपासून असतात. गाणाऱ्याने काळी एक धरली असेल तर बेसवर ए तारेचा चौथा फ्रेट हा सा. त्याच फ्रेटवर वरच्या जाड तारेवर खालचा पंचम, आणि खालच्या डी तारेवर मध्यम. सा, म, प तिन्ही एका सरळ रेषेत, एकाच बोटाखाली. इथे फ्रेटांमधलं अंतरही टोकापेक्षा कमी असतं, लहान हाताला ताण पडत नाही. पोराला पहिल्या आठवड्यात एवढंच द्या: दर आवर्तनाच्या समेवर सा, अर्ध्यावर पंचम, बाकी वेळ खंजिरी ऐकायची. आठव्या दिवशी त्याला मंडळात बसवा, खंजिरीवाल्याच्या अगदी शेजारी.